उंट शेवटी येतो

वैशाखात जळगावला दुपारी ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा दिवसांत ऐंशीच्या घरात आलेल्या बाईच्या खांद्यांवर लोकरीची शाल घालायची, गळ्यात हार, हातात नारळ, आणि फोटो नीट यावा म्हणून पंखा बंद करायचा. पंख्याने हाराच्या पाकळ्या उडतात म्हणे. या उन्हाळ्यात आमच्या घरी अशा एकवीस शाली आल्या. मी मोजल्या, कारण त्या ठेवायला कपाटाचा एक कप्पा मलाच रिकामा करावा लागला. एकदा न राहवून मी एका पाहुण्याला म्हणालो, "बाहेर त्रेचाळीस अंश आहे, निदान सुती तरी आणायची." ते म्हणाले, "भाऊ, सुती शाल सत्काराला चांगली नाही दिसत." मग अक्कालाच घाम फुटला आणि कार्यक्रम आटोपला.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. धरणगावच्या घरात सगळ्यांत मोठी म्हणून तिला अक्का म्हणत. पुढे शाळेतली पोरं अक्का म्हणू लागली आणि आता सत्काराला येणारी माणसंही अक्काच म्हणतात. तिने लग्न केलं नाही. शिंदखेड्याच्या बाजूला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तिने प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली, आणि नोकरी सांभाळून लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं केली. लिहिणारी तीच, काढणारी तीच. धुळ्याच्या एका छोट्या प्रेसमध्ये ती छापली जात. प्रेसवाल्याला दोनच रंग परवडायचे, पिवळा आणि निळा. जूनमध्ये वह्यांच्या दुकानात वह्यांच्या शेजारी ही पुस्तकं ठेवलेली असत. वह्या घ्यायला गेलेल्या बापाला मुलं एक तरी पुस्तक घ्यायला लावायचीच.

निवृत्तीनंतर ती जळगावात पिंप्राळ्याला आमच्याकडे राहायला आली. आम्ही तिला पुढची खोली दिली, कारण पूर्वेची खिडकी तिथेच आहे. तिथे बसून ती आणखी पुस्तकं करत राहिली.

आमच्याकडे चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, त्याला तो उंट माहीत असतो. दिवाळीनंतर राजस्थानकडचे मेंढपाळ मेंढ्या आणि उंट घेऊन खानदेशातून जातात, रिकाम्या रानात मुक्काम करतात, हे आम्ही सगळे बघत आलो आहोत. अक्काच्या पहिल्या पुस्तकात अशा तांड्यातलं एक उंटाचं पिल्लू लिंबाखाली झोपून जातं आणि सकाळी उठतं तर तांडा निघून गेलेला. तेव्हापासून ते आपल्या माणसांना आणि आपल्या उंटांना शोधत खानदेशभर फिरतंय. एका पुस्तकात ते केळीच्या बागेत शिरतं आणि डोक्यावर केळीचं पान अडकून बाहेर येतं. एकात एस.टी. स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारतं, "राजस्थानची गाडी कुठे लागते?" आणि कंट्रोलर मान वर न करता सांगतो, "चौकशीच्या खिडकीवर विचारा." एकात ते जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगात झोपतं, उठतं तेव्हा पांढरं झालेलं असतं आणि मेंढ्या त्याला आपल्यात घेतात. पुस्तकागणिक पिल्लाचा मोठा उंट झाला, पण तांडा काही त्याला सापडला नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तो पुन्हा रस्त्याला लागलेला असतो.

त्याला नाव नाही. अक्काने ठेवलं नाही. त्यामुळे प्रत्येक घराने आपापलं ठेवलं, आणि दोन घरांची माणसं भेटली की भांडतात.

लोक तिला एकच विचारतात. रिक्षावाला विचारतो, बँकेतली कॅशियर विचारते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर तिच्या डोळ्यात थेंब टाकता टाकता विचारलं होतं, "अक्का, मग उंटाला त्याचे लोक सापडले का?"

डॉक्टरांकडे जावं लागलं ते डोळ्याच्या पडद्याच्या आजारामुळे. समोर बघितलं की मधलं पुसट होतं आणि कडेचं दिसतं. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरी येताना रिक्षात अक्का म्हणाली, "आते उंटले घर पोचाडनं पडी." आता उंटाला घरी पोचवावं लागेल. बस, एवढंच बोलली. तिला एक शेवटचं पुस्तक करायचं होतं, ज्यात तांडा सापडतो. डोळे पुरते जायच्या आत.

सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत त्या खिडकीत तिला काम करता येईल असा उजेड असतो. मी डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम करतो, मला आकड्यांची सवय आहे, म्हणून मी सरळ हिशेब मांडला होता. एक सत्कार म्हणजे एक सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी ती थकलेली असते, म्हणजे तीही गेली. आठवड्यात दोन सत्कार झाले तर कामाचे दिवस किती उरतात ते कुणालाही कळेल. पण कुणालाच कळत नव्हतं. मी दारावर पाटी लावली, "सकाळी साडेअकरापर्यंत भेट मिळणार नाही." लोक यायचे, पाटी मोठ्याने वाचायचे, आणि बेल वाजवायचे. "आम्हाला पाच मिनिटंच हवीत," म्हणायचे. एक बाई म्हणाल्या, "पाटी बाहेरच्यांसाठी आहे ना? आम्ही अक्कांचे वाचक आहोत." बाहेरचे म्हणजे आणखी कोण असतं हो?

अक्काची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला.

ती आधी पानातलं बाकी सगळं काढते. झाडं, घरं, माणसं, शेरडं, विजेचा खांब, खांबावरचा कावळा. पेन्सिलीने नाही, थेट बोरूने आणि काळ्या शाईने. उंट सगळ्यात शेवटी. तोवर त्याच्या जागी कोरा कागद असतो. नीट बघितलं तर कळतं, कारण पानातली माणसं त्या कोऱ्या जागेकडेच बघत असतात. लहानपणी मी विचारलं होतं की उंटाचं पुस्तक आहे तर उंट आधी का काढत नाही. ती म्हणाली, "बठ्ठा बसतस, मंग पाव्हना येस." घरचे सगळे बसले की मग पाहुणा येतो.

त्याच्या आकाराचाही ती हिशेब ठेवत नसे. मी चौथी-पाचवीत असताना पट्टी घेऊन पुस्तक तपासलं होतं. एका पानावर उंट एस.टी.पेक्षा उंच, आणि पुढच्याच पानावर शेळीएवढा. मी ते अक्काला दाखवलं. मला वाटलं ती दुरुस्त करेल. ती म्हणाली, "ज्या दिन भ्याना, त्या दिन धाकला." ज्या दिवशी तो घाबरला, त्या दिवशी लहान. मी म्हणालो, असं कुठे असतं का, घाबरला म्हणून वजन कमी होत नाही. ती हसली आणि बोरू धुवायला गेली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

तर शेवटच्या पुस्तकाची पानं या मे महिन्यात तयार झाली. चौदा पानं. तयार म्हणजे बाकीचे सगळे बसले होते. तापीचा पूल होता, धरणगावचा बाजार होता, सातपुड्याच्या पायथ्याचं मोहाचं झाड आणि त्याखाली मोहफुलं वेचणाऱ्या बाया होत्या. शेवटच्या पानावर तर अख्खा तांडा होता, मेंढ्या, खाटा, पोरं आणि अकरा उंट. एक झोपलेलं पोरगं सोडलं तर सगळे माना वळवून मधल्या कोऱ्या जागेकडे बघत होते. आता फक्त चौदा वेळा तो एक उंट काढायचा होता.

आणि याच वेळी धुळ्याची गौरव समिती आली.

समितीचे अध्यक्ष मूळचे शिंदखेड्याकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट असता तर मी दारातून परत पाठवला असता. पण हे गृहस्थ मनापासून चांगले. चाळीस वर्षं त्यांनी अक्काच्या पुस्तकांवर पोरांना वाचायला शिकवलं, कुठल्या पानावर काय आहे ते त्यांना तोंडपाठ. अक्काच्या पाया पडताना त्यांचे डोळे भरून यायचे. धुळ्याला मोठा कार्यक्रम, मूळ चित्रांचं प्रदर्शन, आणि त्याच दिवशी नव्या पुस्तकाचं प्रकाशन, असा त्यांचा बेत होता. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "सर, चित्रं पुरी झाल्याशिवाय ती घराबाहेर जाणार नाहीत." ते म्हणाले, "अर्थातच, भाऊ." मी निर्धास्त झालो.

दोन दिवसांनी मी मिलमध्ये असताना बायकोचा फोन. "अहो, सर येऊन गेले. चित्रं घेऊन गेले."

"कुणी दिली?"

"अक्कांनीच. स्मरणिकेसाठी फोटो काढायचेत म्हणाले. मी म्हटलं, हे घरी आल्यावर न्या. तर अक्का म्हणाल्या, मास्तरले नही कसं म्हनू?"

आयुष्यभर शिक्षिका राहिलेल्या बाईला मास्तरला नाही म्हणता येत नाही. मी फोन लावला. सर म्हणाले, "काळजी करू नका भाऊ, चित्रं अगदी सुरक्षित आहेत. इतकी सुरक्षित कधीच नव्हती." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच विचारायला हवा होता असं बायको अजून म्हणते. पण त्यातून कुणाला काय कळलं असतं?

रविवारी सर स्वतः आले. पाटी वाचली, बेल वाजवली. हातात मोठं गठ्ठ्यासारखं पार्सल, त्याला लाल रिबीन. अक्काला खुर्चीत बसवलं. सरांनी पिशवीतून शाल काढली, ती बाविसावी, आणि मला म्हणाले, "भाऊ, जरा पंखा."

"पंखा चालू राहील," मी म्हणालो.

त्यांनी रिबीन सोडायला अक्काच्या हातात दिली. आतून चकाकणारं काहीतरी बाहेर आलं. मी जवळ गेलो. तापीचा पूल होता, वर जाड, गुळगुळीत, पारदर्शक प्लास्टिक. चारही बाजूंनी अर्धा इंच प्लास्टिक बाहेर. त्याखाली धरणगावचा बाजार, त्याखाली मोहाचं झाड. सगळी चौदाच्या चौदा पानं लॅमिनेट केलेली.

"आमच्याकडे दहावीचं मार्कशीट, जन्माचा दाखला, सातबारा, जे काही मोलाचं असतं ते आपण लॅमिनेट करतो," सर म्हणाले. "समितीत ठराव झाला. म्हटलं, अक्कांच्या चित्रांपेक्षा मोलाचं काय आहे? प्रदर्शनात हजार हात लागतील. आता पाणी पडलं तरी काही होणार नाही."

मी चौदाही पानं एकेक करून उलटली. मग म्हणालो, "सर, यात उंट कुठेय?"

"तेच तर!" सर पुढे सरकले. "भाऊ, मी हे बघून रात्रभर विचार करत होतो. अख्ख्या पुस्तकात उंट नाही. गावं आहेत, माणसं आहेत, सगळी वाट बघताहेत, आणि तो नाही. अक्कांनी उंटाची पोकळी दाखवलीय. असं या वयातच सुचतं."

"आणि शेवटच्या पानावर?"

"तिथे तो आहे. अकरांपैकी एक. कुठला ते त्यांनी सांगितलं नाही, कारण आपल्या लोकांत गेल्यावर कोण कुठला वेगळा असतो?"

मला हे अगदी शांतपणे सांगायचं आहे की त्या क्षणी त्यांच्या पिशवीतला नारळ मी उचलला नाही. बायकोने तो आधीच आत नेला होता.

अक्का शेवटच्या पानावरून बोटं फिरवत होती. मान तिरपी केली, कडेच्या नजरेने बघितलं. "आपला उंट यासमा नही, मास्तर," ती म्हणाली. यांच्यात नाही. "तो अजून येवाना शे." तो अजून यायचाच आहे.

सरांना कळायला थोडा वेळ लागला. अहिराणी त्यांची घरचीच भाषा, शब्दांचा प्रश्न नव्हता. मग त्यांचा चेहरा बघवेना. हातातली शाल घडी करून त्यांनी परत पिशवीत ठेवली आणि पुन्हा बाहेर काढून खुर्चीवर ठेवली.

मी लॅमिनेशनवाल्याला फोन लावला, नंबर रिबिनीला लावलेल्या कार्डावर होताच. विचारलं, प्लास्टिक काढता येईल का. तो म्हणाला, "कशाला काढताय साहेब? ओरिजनल माल आहे. आता काढायला गेलात तर कागद त्याच्यासोबत येईल. मी गॅरंटीने केलंय." त्याला वाटलं मी त्याच्या कामावर शंका घेतोय.

सरांना मग एक उपाय सुचला. माणूस हार मानणारा नव्हता. "भाऊ, समितीत एक तरुण आहे, कॉम्प्युटरवर काहीही करतो. जुन्या पुस्तकांतले उंट घ्यायचे, ही पानं स्कॅन करायची, आणि जिथे जागा आहे तिथे बसवायचे. अक्कांना त्रास नको. कार्यक्रमाची तारीखही सांभाळली जाईल."

खरं सांगायचं तर मला तो उपाय वाईट वाटला नाही. डोळ्यांवर ताण नाही, उंट तिचेच. मी अक्काकडे बघितलं.

"तो उंट एस.टी. स्टँडवर शे," ती म्हणाली. "त्याले अजून तांडा सापडेल नही. त्याले आठे कसा आनशी?"

स्टँडवरचा उंट स्टँडवरच आहे, त्याला अजून काही सापडलेलं नाही, त्याला उचलून इथे कसं आणणार? सरांनी पिशवी उचलली. ते गेले तेव्हा मी त्यांना चार शब्द सुनावायला फाटकापर्यंत गेलो. त्यांनी गाडी चालू केली, बंद केली आणि मला विचारलं, "भाऊ, माझ्या हातून फार मोठं झालं का?" मी ठरवलेले चारही शब्द गेले. "हळू जा सर, ऊन आहे," एवढंच म्हणालो. घरात आलो तर अक्का मला म्हणते, "तू कायले चिडी ऱ्हायना? मास्तरनी मनपाईन कयं." मनापासून केलं म्हणे. मनापासून केलेल्या गोष्टींनीच हे घर भरलंय, कपाटं उघडून बघा.

सोमवारी नऊ वाजता ती खिडकीत बसली. प्लास्टिकवर बोरू टेकवला. शाईचा थेंब झाला, गोल, थरथरणारा, आणि पुलाच्या कठड्यावरून घरंगळत तिच्या लुगड्यावर पडला. दुसरा थेंब, तसाच. तिने चिंधीने पान पुसलं. पुसायला मात्र सोपं होतं. तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

मंगळवारी ती खिडकीत बसलीच नाही. पलंगावर पडून राहिली. नवीन कागदावर सगळं पुन्हा काढायचं म्हटलं तर बारीक रेघा आता तिला दिसत नव्हत्या. बाजारातल्या माणसांचे चेहरे तिने जानेवारीत काढले होते, आणि जानेवारीतले डोळे आता नव्हते. हे तिने सांगितलं नाही, पण आम्हाला कळत होतं. बायकोने दोनदा चहा नेला, दोनदा तसाच परत आणला. मला म्हणाली, "तुम्ही दारावर पाट्या लावता, आत माणूस उठत नाही त्याचं काय?"

त्या दिवशी मिलमध्ये माझं लक्ष नव्हतं. आमच्याकडे तूरडाळीचे नमुने प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून ठेवतात आणि पिशवीवर मार्करने लिहितात. कुठला लॉट, कुठल्या गाडीचा. ते लिहिलेलं हाताने पुसलं जात नाही. वर्षानुवर्षं मी ते मार्कर मागवून देतोय. टेबलावर समोर पडलेला होता, तरी ते डोक्यात यायला मला दुपार झाली. येताना दोन घेऊन आलो. नोंद करून.

अक्काच्या हातात दिला. "प्लास्टिकवर चालतो," म्हणालो.

तिने टोपण काढून वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग पुलाच्या पानाच्या कडेला, जिथे नुसतं प्लास्टिकच बाहेर होतं, तिथे एक रेघ ओढली. बोरूच्या तिप्पट जाड. तिने मान तिरपी केली.

"हाई दिसस माले," ती म्हणाली. ही रेघ मला दिसते.

बुधवारपासून मी उशिरा कामावर जायची परवानगी घेतली. कारण मधली जागाच तिला दिसत नव्हती, आणि उंट नेमका मध्ये यायचा. ती विचारायची, "किती जागा शे रे?" मी पट्टी लावून सांगायचो. पुलावर रुंदी तीन इंच, उंची चार, डावीकडे म्हातारा, उजवीकडे सायकल. मग ती डाव्या हाताची करंगळी म्हाताऱ्यावर आणि अंगठा सायकलवर ठेवायची, आणि मध्ये मार्कर चालवायची. मी बघत होतो. पाय कुठे संपतात ते मी सांगायचो, बाकी ती.

आता माझ्या कामाचंही ऐका. मी तीन इंच सांगायचो, ती दोन इंचाचा उंट काढायची. "अक्का, एक इंच शिल्लक राहिला." "राहू दे. पूलवर त्याले भ्याव वाटस." मग मोजायला कशाला लावते? मी विचारलंही. ती म्हणाली, "तुनं माप माहीत व्हयनं म्हंजे माले कितलं सोडनं ते समजस." माझं माप कळलं की किती सोडायचं ते कळतं तिला.

दोन पानं वाया गेली असं मी म्हणेन, ती म्हणणार नाही. मोहाच्या झाडाच्या पानात लॅमिनेशनच्या गरम रोलरमुळे आत सुरकुती पडली होती, आणि बाजाराच्या पानावर तिची बाही लागून ओला उंट फरफटला. त्याला शेपटीमागे धूळ आल्यासारखी झाली. मी स्पिरिटने पुसून देतो म्हणालो. नको म्हणाली, पळताना धूळ उडतेच. प्रत्येक पान झालं की मी लगेच मोबाइलवर सरळ वरून फोटो काढायचो, बाही पुन्हा लागायच्या आत.

या दिवसांत बेल वाजलीच नाही असं नाही. पण आता दार सर सांभाळत होते. खरंच. रोज धुळ्याहून यायचे आणि फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. कार्यक्रमाची तारीख त्यांनीच पुढे ढकलली. कुणी शाल घेऊन आलं की म्हणायचे, "पाटी वाचता येते ना? मग वाचा." मला दोन महिन्यांत जमलं नाही ते त्यांनी मुख्याध्यापकी आवाजात केलं. फक्त एकदा मला हळूच विचारलं, "भाऊ, उंट आला का शेवटच्या पानावर?"

शेवटचं पान शेवटीच घेतलं. मी पट्टी लावली. "रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन. दोन्हीकडे उंटांच्या माना. खाली पोरगं झोपलंय."

अक्काने बोटं ठेवली नाहीत. तिने मार्कर पानाच्या अगदी खालून, झोपलेल्या पोराच्या पायाजवळून उचलला आणि वर नेत राहिली. मी म्हणालो, "अक्का, जागा संपली." ती थांबली नाही. रेघ शेजारच्या उंटाच्या मानेवरून गेली, दुसऱ्याच्या मदारीवरून गेली. कागदावर तिने असं कधी केलं नव्हतं. काढलेल्यावर पुन्हा काढायची तिची पद्धत नव्हती. पण हे प्लास्टिक होतं, खालचे अकरा उंट आत सुरक्षित होते, सर म्हणाले होते तसे. डोकं कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेलं आणि कान तर बाहेरच्या अर्ध्या इंच प्लास्टिकवर. तांड्यातले सगळे त्याच्या पायांमधून आणि मानेखालून बघत होते. मी एवढा मोठा उंट तिच्या कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता, एस.टी. स्टँडवरही नाही.

"माप चुकलं," मी म्हणालो.

"आज तो घर उना," ती म्हणाली आणि टोपण लावलं. आज तो घरी आला.

सरांना आत बोलावलं. त्यांनी पान बराच वेळ बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "अक्का, हे पुसलं जाऊ नये म्हणून यावर अजून एक लॅमिनेशन..." आणि माझ्याकडे बघून वाक्य तिथेच सोडलं.

मी सगळे फोटो धुळ्याच्या प्रेसला पाठवले. प्रेस आता जुन्या मालकाच्या मुलाकडे आहे, तो भला आहे, पण घाईत असतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "भाऊ, तेरा पानं मस्त. शेवटच्या पानावर उंट कटिंगमध्ये जातोय. कान उडतात, डोकंही काठाला लागतंय. बाकी पुस्तकांच्या साइजमध्ये बसत नाही. उंट थोडा लहान करून देऊ का? इथेच होईल, दोन मिनिटांचं काम."

मी अक्काकडे बघितलं. ती खिडकीत बसून, काम नसतानाही उजेडाकडे तोंड करून चहा पीत होती. तिला विचारायची गरज वाटली नाही.

"नाही," मी म्हणालो. "पुस्तक मोठं करा."

"बाकीच्यांच्या शेजारी ठेवलं तर वर निघेल, भाऊ. मापात बसणार नाही."

"निघू दे. आज तो लहान होणार नाही."

तिकडे त्याने काहीतरी आकडेमोड केली. मग म्हणाला, "मग खालचं झोपलेलं पोरगं तरी थोडं लहान..." मी त्याला पानाची नवी लांबी-रुंदी सांगितली, दोन वेळा, आणि लिहून घ्यायला लावली.